राखीव गडी

(दृश्य : झाडाच्या शेंड्याजवळ घरटं. एक कावळा चोचीत किडे घेऊन उतरतो. पाठोपाठ दुसरा, मग तिसरा.)

निवेदन :

उत्तर स्पेनमधला लेओन प्रांत. हे कावळे आपल्या डोमकावळ्यासारखेच, नखशिखान्त काळे. कावळ्याचा संसार म्हणजे जोडपं आणि पिल्लं, असंच आपण धरून चालतो. इथे मात्र चारातल्या तीन हद्दींत दोघांपेक्षा जास्त मोठे कावळे नांदतात. कधी कधी तर नऊ जणांचं खटलं! मागच्या विणीची मुलं घर सोडून गेलेलीच नसतात. बाहेरून येऊन राहणारे नरसुद्धा बहुधा नात्यातलेच निघतात.

युरोपात इतर बऱ्याच ठिकाणी याच जातीची पिल्लं पंख फुटले की आपली वाट धरतात. मग लेओनच्या कावळ्यांचं रक्तच वेगळं की काय? संशोधक व्हित्तोरिओ बाग्लिओने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वित्झर्लंडमधली अंडी आणून इथल्या घरट्यांत ठेवली. स्विस आईबापांची ती पिल्लं स्पॅनिश घरात वाढली आणि बहुतेक तिथेच राहिली. २००२ साली हे निष्कर्ष छापून आले. 'खाण तशी माती' ही म्हण इथे फसली म्हणायची.

(दृश्य : मादी अंड्यांवर बसलेली. दुसरा कावळा तिला भरवतो.)

मादी अंडी उबवायला बसली की तिला घास जागेवर मिळतो. पुढे पिल्लांना भरवायचं, त्यांची विष्ठा चोचीने उचलून घरटं साफ ठेवायचं, सगळं मिळून. कधी कधी एक गंमतही चालते बरं का! पिल्लाच्या चोचीत घास ठेवायचा, पुन्हा काढायचा आणि स्वतःच गिळून टाकायचा.

(दृश्य : कुंपणाच्या खांबावर निवांत बसलेला कावळा.)

आणि हे महाशय? घरातलेच आहेत, पण घरट्याकडे फिरकत नाहीत. असल्या ऐतखाऊंना आईबाप हाकलत का नाहीत?

उत्तर शोधायला संशोधकांनी राबणाऱ्यांपैकी एकाला काही काळापुरतं जरा कमजोर केलं. साहजिकच त्याच्या खेपा कमी झाल्या. पण २०१० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पुढची नोंद वाचण्यासारखी आहे. कामचुकार मदतनिसांनी आपल्या खेपा वाढवल्या. आणि ज्यांनी तोवर एकदाही घास आणला नव्हता, तेही पिल्लांना भरवायला येऊ लागले.