डब्यातल्या तीन गोळ्या

(नागपूरच्या धरमपेठेत झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, ही पट्टी मागच्या खुर्च्यांवरून दिसायची नाही, म्हणून सांगतो. कात्रीने कापलेली आहे. तीन गोळ्या उरल्यात. औषधाचं नाव कापलेल्या तुकड्यासोबत गेलं, मागची उभी लाल रेघ, म्हणजे चिठ्ठीशिवाय घेऊ नये अशी खूण, तेवढी राहिली. महाल भागातल्या एका काकूंनी ती दवाखान्यात आणली. नातवासाठी घेतलेल्या अँटिबायोटिकच्या, म्हणजे जिवाणूंवरच्या औषधाच्या गोळ्या, त्याचा ताप तिसऱ्या दिवशी उतरला, उरलेल्या चिवड्याच्या रिकाम्या डब्यात गेल्या. आता काकूंना सर्दी. "डॉक्टरसाहेब, ह्याच घेऊन टाकू का? वाया कशाला जाऊ द्यायच्या?"

काही वाया जाऊ न देणं ही आपल्या घरांची चांगली सवय आहे. इथे मात्र ती घात करते.

जिवाणूभोवती एक टणक भिंत असते. आपल्या पेशींना ती नसते. वाढताना जिवाणू ही भिंत जागोजागी उसवतो आणि नवे टाके घालतो. पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन ही औषधं नेमकं टाके घालायचं काम बंद पाडतात. भिंत कच्ची राहते, पाणी आत शिरतं आणि जिवाणू फुटतो. अझिथ्रोमायसिन भिंतीला हात लावत नाही. ते जिवाणूचा प्रथिनं बनवण्याचा कारखाना अडवतं, आणि आपल्या पेशींतल्या कारखान्याची घडण वेगळी असल्याने आपण वाचतो. सर्दीच्या विषाणूला ना भिंत, ना स्वतःचा कारखाना. तो आपल्याच पेशी वापरतो. काकूंच्या सर्दीत ती गोळी मारणार कशाला?

पण गोळी पोटात गेली की ती गप्प बसत नाही. आतड्यात अब्जावधी निरुपद्रवी जिवाणू राहतात. त्यातले औषधाला बळी पडणारे मरतात, एखादा तगतो, आणि त्याला मोकळं रान मिळतं. ई. कोलाय हा आतड्यातलाच एक जिवाणू अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो. हिशोब करा: दहा तासांत तीस दुपटी, एकाचे शंभर कोटींच्या वर. शिवाय औषधाला तोंड देण्याची युक्ती तो डीएनएच्या छोट्या कड्यातून शेजारच्या जिवाणूला देऊ शकतो, वेगळ्या जातीच्या असला तरी. हातांवरून, पाण्यातून तो नातवापर्यंतही पोचतो. बीपीची गोळी चुकीची घेतली तर त्रास घेणाऱ्याला होतो. अँटिबायोटिकचं तसं नाही, हे मला आज तुम्हाला अगदी कळकळीने सांगायचं आहे.

१९४१ साली ऑक्सफर्डमध्ये एका पोलिसाला पेनिसिलिन दिलं गेलं. जंतुसंसर्गाने त्याचा एक डोळा गेला होता. औषध सुरू होताच ताप उतरला, तो जेवू लागला. पण साठाच इवलासा; त्याच्या लघवीतून औषध परत काढून पुन्हा टोचलं, तरी पाच दिवसांत संपलं. तो वारला. आज औषध दुकानात भरपूर आहे, आणि तरी मी म्हाताऱ्या बायकांच्या लघवीचे कल्चर रिपोर्ट, म्हणजे जंतू वाढवून त्यांच्यावर कुठलं औषध चालतं ते तपासलेले रिपोर्ट, बघतो, ज्यात औषधांच्या नावांपुढे ओळीने 'आर' लिहिलेलं असतं. आर म्हणजे रेझिस्टंट, हे औषध चालणार नाही. मुलगा समोर उभा राहून विचारतो, "मग आता?" तेव्हा मला तो पोलीस आठवतो.

१९४५ च्या नोबेल व्याख्यानात पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगने याचीच भीती बोलून दाखवली होती: घसा दुखतो म्हणून कुणी स्वतःच पेनिसिलिन आणेल, अपुरं घेईल, आणि त्याचे औषधाला तोंड द्यायला शिकलेले जंतू बायकोला जातील. काकूंच्या तीन गोळ्या वेगळ्या नाहीत.

दोष काकूंचा एकटीचा नाही. चिठ्ठीशिवाय पट्टी कापून देणारा दुकानदार आहे. आणि आम्ही डॉक्टर आहोत. बाहेर रांग असताना "विषाणूचा ताप आहे, थांबा" हे समजावण्यापेक्षा गोळी लिहिणं सोपं जातं. मीही लिहिल्या आहेत, त्याची मला खंत आहे. किती दिवस घ्यायचं ते डॉक्टरांना विचारा, तेवढेच दिवस घ्या. मधे सोडावंसं वाटलं तर फोन करा. उरलेलं कुणाला देऊ नका.

काकूंना मी वाफ आणि मीठपाण्याच्या गुळण्या सांगितल्या. ताप चढला किंवा दम लागला तर लगेच या म्हटलं, आणि पट्टी ठेवून घेतली. आठवड्याने त्या आल्या. सर्दी गेली होती. पिशवीतून त्यांनी चिवड्याचा तो डबा काढून टेबलावर उपडा केला. आत आणखी चार कापलेल्या पट्ट्या होत्या.