पहिला झुरका कोणाच्या हातातून येतो

मुलं व्यसनाकडे आणि टोळ्यांकडे का वळतात, हा आजचा विषय. सुरुवात एका साध्या प्रश्नाने करू. मुलाला आयुष्यातली पहिली नशा कोण देतं? बहुतेक आईवडिलांच्या डोळ्यांसमोर शाळेच्या फाटकाबाहेर घुटमळणारा कोणी अनोळखी विक्रेता येतो. प्रत्यक्षात तो हात बहुतेक वेळा ओळखीचाच असतो. वर्गातला मित्र, चुलतभाऊ, क्लासमधली मैत्रीण, शेजारचा दादा. पैसेही मागितले जात नाहीत. ‘घे रे, एकच’ एवढंच म्हटलं जातं. ‘अनोळखी माणसाकडून काही घेऊ नकोस’ ही आपली शिकवण मुलाने तंतोतंत पाळलेली असते, आणि तरीही तो झुरका ओढलेला असतो.

ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, ही म्हण इथे हमखास ऐकू येते. ती खोटी नाही, पण तिने अर्धंच कळतं. पवळ्याला कोणीतरी तिथे बांधलेलं असतं. पंधरा वर्षांचा मुलगा स्वतःच्या पायांनी चालत जाऊन तिथे उभा राहतो. त्याला तिथे काय मिळतं, हे पाहिल्याशिवाय ‘संगत वाईट’ म्हणून काहीच हाती लागत नाही.

मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. ३०६ जण, तीन वयोगट: १३ ते १६, १८ ते २२, आणि २४च्या पुढचे. त्यांना संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ दिला. सिग्नल पिवळा झाला की गाडी थांबवायची की आणखी पुढे दामटायची, एवढाच निर्णय. पुढे दामटली तर गुण वाढतात, पण सिग्नल लाल झाला तर गाडी आदळते. एकटे खेळताना तिन्ही गटांत फारसा फरक नव्हता. मग सोबतीला बरोबरीचे दोघे बसवले. मोठ्यांच्या खेळात काही बदल झाला नाही. सर्वांत लहान गटाने मात्र कितीतरी जास्त धोका पत्करला.

घरात जेवताना ‘मी असलं काही करणार नाही’ म्हणणारा मुलगा खोटं बोलत नसतो. त्या क्षणी त्याचं ते खरंच मत असतं. रात्री चार मित्रांत तोच मेंदू वेगळा हिशेब मांडतो. आवर घालणारा, कपाळामागचा भाग पंचविशीपर्यंत पक्का होत असतो. समोरच्याचं कौतुक मिळण्याची ओढ मात्र वयात येतानाच उसळते. म्हणून मुलाशी दुष्परिणामांवर बोलून थांबू नका. नेमकं त्या चौघांत तो कोणतं वाक्य बोलणार, याची तालीम करून घ्या. वाक्य लहान हवं आणि त्यात त्याची शान जाता कामा नये. ‘उद्या मॅच आहे’ चालतं. ‘माझी आई दारातच तोंडाचा वास घेते’ हे तर फार चांगलं चालतं. कडक आईबापांचं नाव मुलांना खुशाल वापरू द्या. आणखी एक सोय ठेवा. ठरलेला एखादा निरुपद्रवी शब्द मुलाने मेसेजमध्ये पाठवला, की पाच मिनिटांत तुम्ही फोन करायचा आणि चारचौघांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचं, ‘आत्ता घरी ये, मी न्यायला येतोय.’ त्या रात्री एकही प्रश्न विचारायचा नाही. तिथेच उलटतपासणी सुरू केलीत, तर तो शब्द दुसऱ्यांदा येणार नाही.

आता दुसरा, अधिक अवघड मुद्दा. मजा म्हणून चव घेणारी बरीच मुलं तिथेच थांबतात. जी थांबत नाहीत, त्यांच्यासाठी नशा बहुधा काहीतरी काम करत असते. झोप येत नाही, ती येते. वर्गात तोंड उघडायची भीती वाटते, ती जाते. घरात रात्री मारहाण चालते, तिचा आवाज कानात घुमायचा थांबतो. विन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा या अमेरिकी डॉक्टरांचा १९९८ सालचा मोठा अभ्यास आहे. बालपणी मारहाण, लैंगिक अत्याचार, घरात व्यसनी किंवा तुरुंगात गेलेलं माणूस अशा प्रतिकूल गोष्टींपैकी चार किंवा अधिक वाट्याला आलेल्यांत दारूचं व्यसन, अमली पदार्थ, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका, यातलं काहीच वाट्याला न आलेल्यांच्या तुलनेत, चार ते बारा पट निघाला. अशा मुलाला ‘हे का करतोस?’ विचारलं की तो खाली मान घालतो. ‘यातून तुला काय मिळतं?’ असं, आवाज न चढवता, विचारून पाहा. उत्तर बहुतेकदा झोप, भीती किंवा एकटेपणा यांपैकी असतं आणि उपचार तिथूनच सुरू करायचे असतात.

वयाचा हिशेबही गंभीर आहे. अमेरिकेतल्या राष्ट्रीय पाहणीचं १९९७ साली जे विश्लेषण झालं, त्यात पंधराच्या आत दारू सुरू केलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के लोक पुढे कधीतरी दारूवर अवलंबून झाले होते. विशीत किंवा नंतर सुरू करणाऱ्यांत हेच प्रमाण सुमारे १० टक्के होतं. लवकर सुरू करणाऱ्यांची घरची परिस्थितीही वेगळी असते, त्यामुळे सगळा दोष वयाला देता येत नाही. तरीही सुरुवात दोन-तीन वर्षं लांबवता आली तर ती मोठी कमाई आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

टोळीकडे वळू. समाजशास्त्रज्ञ फ्रेडरिक थ्रॅशर यांनी शिकागोतल्या १,३१३ टोळ्यांचा अभ्यास १९२७ साली मांडला. त्यांना दिसलं ते असं: या टोळ्या सुरुवातीला खेळणाऱ्या पोरांचे साधे घोळके असतात आणि बाहेरच्यांशी झगडे होत गेले की त्या घट्ट होतात. शंभर वर्षांनी धंदा बदलला, गाभा तोच राहिला. टोळी मुलाला टोपणनाव देते, पाठीशी उभं राहणारी माणसं देते, संध्याकाळी जायला जागा देते. घर आणि शाळा या दोन्ही ठिकाणी जो नकोसा झालाय, त्याला हे फार मोठं वाटतं.

धंदेवाईक टोळ्या मुलांना कसं ओढतात, त्याचे टप्पे ब्रिटनमध्ये बारकाईने नोंदले गेले आहेत. तिथे मोठ्या शहरांतल्या टोळ्या लहान गावांत अमली पदार्थांचा माल पोचवायला पंधरा-सोळा वर्षांची मुलं रेल्वेने पाठवतात. आधी खाऊपिऊ घालणं, बूट, फोन, आणि भरपूर कौतुक. मग हलकं काम: ‘इथे उभा राहा, कोणी आलं तर सांग.’ मग ‘ही पिशवी दोन दिवस तुझ्याकडे ठेव.’ मग ती पोचवायची. एके दिवशी वाटेत कोणीतरी मारहाण करून पिशवी हिसकावतं. हिसकावणारे अनेकदा त्याच टोळीचे असतात, मुलाला ते ठाऊक नसतं. टोळी सांगते, माल तुझ्या हातून गेला, भरपाई तूच करायची. फुकट मिळालेल्या बुटांचाही हिशेब आता त्या उधारीत धरला जातो. मूल अडकतं ते इथे. घरातून पैसे चोरून काही दिवस निभावतं, मग फुकट काम करून फेडायला लागतं आणि रक्कम कधी संपतच नाही. मुलींच्या बाबतीत उधारीची जागा पुष्कळदा प्रेमाचं नाटक आणि काढून ठेवलेले फोटो घेतात.

घरी यातलं काय दिसतं? कमाई नसताना आलेली नवी वस्तू. दुसरा, साधा फोन. कुठे होता हे न सांगता येणारे तास, अनोळखी गावाचं तिकीट. अंगावर वळ. आणि ‘स्वतःच्या बचावासाठी’ म्हणून दप्तरात ठेवलेला सुरा. सुरा बाळगणाऱ्या मुलाला वाटतं आपण सुरक्षित झालो. प्रत्यक्षात भांडण लवकर हातघाईवर येतं आणि बऱ्याचदा तोच सुरा हिसकावून त्याच्यावर चालतो. अशा मुलाला पकडल्यावर आरोपी म्हणून पाहण्याआधी, तो कोणाला किती देणं लागतो हे विचारायला हवं. ते न विचारता नुसता माल जप्त केला, तर त्याची उधारी तेवढ्याने वाढते.

अमेरिकेतल्या रोचेस्टर शहरात मुलांचा अनेक वर्षं माग ठेवला गेला. टोळीत शिरल्यावर मुलांचे गुन्हे वाढतात आणि बाहेर पडल्यावर कमी होतात, असं त्यात दिसलं. बहुतेक मुलं वर्ष-दोन वर्षांतच बाहेर पडतात, तीही मोठा तमाशा न होता, हळूहळू जाणं कमी करून. ‘एकदा गेलं की सुटका नाही’ ही समजूत टोळीच्या फायद्याची आहे. आपण ती मुलांसमोर घोकू नये. अपवाद उधारीत सापडलेल्यांचा. त्यांना बाहेर काढताना जागा बदलणं, फोन बदलणं आणि संरक्षण या गोष्टी मोठ्या माणसांनी आणि यंत्रणेनेच करायच्या असतात.

नुकसानीबद्दल सरसकट ‘नशा घातक’ म्हणण्यापेक्षा कोणती कशी मारते, हे सांगणं गरजेचं आहे. थिनर, गोंद, स्प्रे हुंगणं हा सर्वांत लहान मुलांचा प्रकार, कारण वस्तू घरातच असते. ही वाफ हृदयाला अॅड्रेनॅलिनबाबत, म्हणजे भीती किंवा धावपळीत शरीरात सुटणाऱ्या संप्रेरकाबाबत, अतिसंवेदनशील करते. मूल दचकलं किंवा धावत सुटलं, तर ठोके बिघडून जागीच मृत्यू होऊ शकतो, अगदी पहिल्या वेळीही. म्हणून हुंगताना मूल सापडलं तर ओरडू नका, पाठलाग करू नका. शांतपणे जवळ जा, खिडक्या उघडा, त्याला बसवा.

हेरॉइन, फेंटॅनिल (हेरॉइनहून कितीतरी तीव्र कृत्रिम पदार्थ), अफूच्या जातीच्या वेदनाशामक गोळ्या या गटात श्वास थांबतो. ओठ निळसर, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, घोरल्यासारखा आवाज. ‘झोपलाय, झोपू दे’ म्हणून सोबतचे निघून जातात आणि मूल दगावतं. हाक मारून, छातीच्या हाडावर मुठीने चोळून जागं होत नसेल, तर रुग्णवाहिका बोलवा. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा, थांबला असेल तर तोंडाने द्या. नालोक्सोन, म्हणजे या गटातल्या नशेचा असर उतरवणारं औषध, हाताशी असेल तर वापरा. मात्र त्याचा असर ३० ते ९० मिनिटांत ओसरतो आणि श्वास पुन्हा मंदावू शकतो. शुद्धीवर आला तरी दवाखान्यात नेणं टाळू नका. फेंटॅनिलचे अवघे दोन मिलिग्रॅम जीव घेऊ शकतात आणि बनावट गोळीत ते किती आहे, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. झोपेच्या गोळ्या किंवा दारूचं रोजचं व्यसन घरच्या घरी एका झटक्यात तोडू नका, त्यात आकडी येते.

घाबरवण्याचा उपाय लोकांना फार आवडतो. मुलांना तुरुंगात नेऊन कैद्यांकडून दम द्यायचा, असे कार्यक्रम अमेरिकेत बरेच झाले. नऊ प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला तेव्हा, तिथे नेलेल्या मुलांनी न नेलेल्यांपेक्षा जास्त गुन्हे केलेले आढळले. ‘बिघडलेल्या’ मुलांचा वेगळा वर्ग करणंही असंच अंगलट येतं. मानसशास्त्रज्ञ टॉमस डिशियन यांनी मुलगा आणि त्याचा मित्र अशा जोड्यांच्या गप्पांचं चित्रीकरण करून त्यांतलं हसणं मोजलं. नियम मोडल्याच्या गोष्टीवर ज्या जोड्या हसत, त्यांच्यात पुढे नशा आणि मारामारी वाढली. हसण्यातून मिळणारी दाद हेच त्यांचं प्रशिक्षण होतं.

घरी लघवीची तपासणी करताना जपून. रोज गांजा ओढणाऱ्यात त्याचे अंश कित्येक आठवडे दिसतात, त्यामुळे खरोखर सोडलेला मुलगा खोटारडा ठरतो. उलट कृत्रिम गांजासारखे पदार्थ नेहमीच्या चाचणीत सापडत नाहीत, आणि चाचणी चुकवायला मुलं त्यांच्याकडे वळतात. ते गांजाहून धोकादायक असतात.

आइसलँडने वेगळा रस्ता धरला. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांत मागच्या महिन्यात दारू पिऊन झिंगलेल्यांचं प्रमाण १९९८ साली ४२ टक्के होतं, ते २०१६ साली ५ टक्क्यांवर आलं. रोज सिगारेट ओढणारे २३ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आले. तिथे व्याख्यानांपेक्षा मुलांच्या संध्याकाळींवर काम झालं. प्रशिक्षित मार्गदर्शकांसह खेळ, संगीत, नृत्य. त्यासाठी कुटुंबाला अनुदान. हिवाळ्यात १३ ते १६ वयाच्या मुलांनी रात्री दहानंतर एकटं बाहेर राहायचं नाही. पालकांनी आपसांत लेखी ठरवलं, म्हणून ‘बाकी सगळ्यांना सोडतात’ हे कारण उरलं नाही.

शेवटी, उपचार घेऊन घरी येणाऱ्या मुलाबद्दल. तो काळ सर्वांत जोखमीचा, कारण शरीराची सवय मोडलेली असते आणि हात मात्र जुन्याच मात्रेकडे जातो. हेरॉइनचे बरेच मृत्यू याच आठवड्यांत होतात. जुन्या मित्राचा फोन बहुधा पहिल्या दोन-तीन दिवसांतच येतो. संध्याकाळी पाच ते आठ या वेळेत त्याच्यासोबत कोण असणार, वारानुसार, नावानिशी, हे तो घरी पोचण्याआधी कागदावर लिहिलेलं असू द्या.