पहिल्या आंघोळीचं गरम पाणी

श्रोतेहो, नमस्कार.

नरक चतुर्दशीची पहाट. घर पाहुण्यांनी भरलेलं, उटणं कालवलेलं, पाट मांडलेला आणि आंघोळीसाठी रांग. उजाडायच्या आत सगळ्यांचं उरकायचं, म्हणून गीझर पेटला की बंद होत नाही. गारठा नको म्हणून खिडकीही घट्ट लावलेली. गॅस गीझर बाथरूमच्या आतच बसवलेला असेल, तर हे जिवावर बेतू शकतं.

लहानशा बंद खोलीत प्राणवायू कमी पडला, की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. सिलिंडर गळला तर वासाने कळतं. याला ना वास, ना रंग. रक्तातल्या हिमोग्लोबिनला हा वायू प्राणवायूपेक्षा २०० पटींहून घट्ट धरतो. डोकं जड होतं, मळमळतं, पायांतलं बळ जातं आणि कडी काढायलाही हात उचलत नाही. रांगेत मागे असणाऱ्याला धोका जास्त, कारण आधीच्यांच्या वेळचा वायू आतच कोंडलेला असतो.

गॅस गीझर बाथरूमबाहेर, मोकळ्या हवेतच हवा. आत यावा तो फक्त गरम पाण्याचा नळ. दिवाळीआधी तो हलवणं जमलं नाही, तर दार-खिडकी सताड उघडी ठेवून बादल्या भरा, गीझर बंद करा, हवा पालटू द्या, मगच माणूस आत जाऊ द्या. ज्योत निळी हवी. पिवळी दिसली तर गीझर वापरूच नका. हे पाहुण्यांना आदल्या रात्रीच सांगा, त्यांना तुमच्या घरचा गीझर ठाऊक नसतो.

आतून ओ येत नसेल तर वाट पाहू नका, दार तोडा. गॅस बंद करा, माणसाला मोकळ्या हवेत आणा, १०८ ला फोन लावा. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका. त्याला हा वायू ओळखता येत नाही, आकडा ९८ दिसला तरी शरीर प्राणवायूवाचून तडफडत असू शकतं. डॉक्टरांना ‘गॅस गीझर चालू होता’ एवढं आवर्जून सांगा.

पाणी तापवायचा रॉड असेल, तर बादली प्लास्टिकची घ्या. लोखंडी बादलीत करंट उतरतो. पाणी तापलं का, हे बोट बुडवून बघायचं नाही. आधी बटण बंद, मग प्लग बाहेर, मग रॉड. रॉड १५०० वॅटचा असेल तर तो साडेसहा अँपिअर ओढतो. एक्स्टेन्शनची बारीक वायर त्याने वितळते.

आणि तेल. अभ्यंगाचं तेल बाथरूमबाहेर, पाटावर बसवून लावा. तेलकट तळव्यांनी ओल्या फरशीवर पाय टाकला, की आजी-आजोबांचं खुब्याचं हाड मोडायला वेळ लागत नाही. दर आंघोळीनंतर फरशीवर साबणाचं पाणी टाकून खराटा मारा.

लहान मुलांच्या बादलीत आधी गार पाणी, नंतर कढत. उलटं केलंत आणि मधेच फोन वाजला, तर तेवढ्यात पोर कढत पाण्यात हात घालतं. भाजलंच, तर नळाच्या वाहत्या गार पाण्याखाली २० मिनिटं धरा; बर्फ नको, टूथपेस्ट नको. हातातली वाळी सूज यायच्या आत काढा.