चिप बदलली आणि बोर्ड उठेना

मंडळी, लिनक्स चालवणाऱ्या सर्किट बोर्डवरचा एखादा भाग बदलला आणि बोर्ड सुरू होईना, की पहिला संशय सोल्डरिंगवर जातो. जाऊ द्या. भिंगातून टाके बघा, व्होल्टेज मोजा. ते ठीक असेल तर हॉट एअर गन खाली ठेवा आणि सिरीयल कन्सोल (बोर्ड सुरू होताना उमटणारे संदेश दाखवणारी जोडणी) जोडा. शेवटची ओळ कोणती उमटली, यावरून बरंच काही कळतं.

एसपीएलची, म्हणजे रॅम जागी करणाऱ्या छोट्या बूट प्रोग्रॅमची, ओळ येऊन पुढे शुकशुकाट असेल तर रॅम बघा. नव्या चिपला जुनंच टायमिंग मिळत असेल. कर्नल (लिनक्सचा गाभा) उठून रूट फाइलसिस्टिमसाठी (मुख्य फायलींच्या साठ्यासाठी) अडत असेल तर फार घाबरू नका, तिथे निदान एरर वाचता तरी येते. खरी पंचाईत होते ती एकही अक्षर न उमटल्यावर. वीज आणि क्लॉक ठीक असतील, तर बहुधा बूट रॉमला, म्हणजे प्रोसेसरमध्ये सगळ्यात आधी चालणाऱ्या कोडला, पटेल असा पुढचा कोड सापडलेला नसतो. आणि बूट रॉम सिलिकॉनमध्येच कोरलेला, त्यात पॅच मारता येत नाही.

आता एक प्रकार जरा सावकाश बघू. १६ एमबीची एसपीआय फ्लॅश (बूटचा कोड ठेवणारी छोटी मेमरी चिप) काढून ३२ एमबीची बसवली. पाय तेच, व्होल्टेज तेच, डेटाशीटवर 'पिन-टू-पिन कंपॅटिबल'. (हा शब्द फक्त पायांबद्दल बोलतो, हे विसरू नका.) बोर्ड झकास सुरू होतो. मग कधीतरी वॉचडॉग (प्रोसेसर अडकला की त्याला रीसेट करणारा टायमर) रीसेट देतो आणि बोर्ड गप्प. वीज काढून परत दिली की पुन्हा झकास!

तीन बाइटच्या पत्त्यात १६ एमबीच मावतात. त्यापुढचं वाचायला ड्रायव्हर चिपला चार बाइटच्या मोडमध्ये टाकू शकतो. वॉचडॉगने प्रोसेसर रीसेट होतो, पण चिपची वीज जात नाही, त्यामुळे ती त्याच मोडमध्ये राहते. बूट रॉम जुन्या सवयीने ०३ ही वाचायची कमांड आणि पत्त्याचे तीन बाइट पाठवून डेटाची वाट बघतो, आणि चिप चौथ्या बाइटची. पत्ता शून्य आणि डेटा लाइनही शून्यावर असली तरी सगळा मजकूर एक बाइट सरकून येतो. हेडर (कोडच्या सुरुवातीची ओळखखूण) जुळत नाही, बूट रॉम नाद सोडतो.

साध्या रीबूटमध्ये हा दोष लपू शकतो, कारण बंद होताना लिनक्सचा ड्रायव्हर मोड पूर्ववत करतो. म्हणून नवी फ्लॅश तपासताना कर्नल मुद्दाम पाडा. उपाय म्हणजे चिपची रीसेट पिन बोर्डच्या रीसेटला जोडणं. आठ पायांच्या पॅकेजमध्ये ती बहुधा स्वतंत्र नसते, तिथे मोड न बदलता चार बाइटचा पत्ता घेणाऱ्या कमांड वापरा.

ईएमएमसीची (बोर्डवरच्या मोठ्या फ्लॅश साठ्याची) कथा वेगळी. जुन्या चिपची इमेज (मुख्य भागाची जशीच्या तशी प्रत) नव्या चिपवर उतरवली तरी त्यात बूट पार्टिशन (बूट कोडचे वेगळे कप्पे) येत नाहीत, आणि कोणत्या पार्टिशनमधून बूट करायचं ते लिहिलेलं असतं एक्स्ट-सीएसडीच्या (चिपच्या आतल्या सेटिंग्जच्या तक्त्याच्या) १७९ क्रमांकाच्या बाइटमध्ये. कोऱ्या चिपमध्ये तिथे शून्य, म्हणजे कोणतंच पार्टिशन निवडलेलं नाही. बूट रॉम त्या पार्टिशनवर विसंबून असेल, तर इमेज बरोबर असूनही बोर्ड उठणार नाही.

तिथेच १६२ क्रमांकाचा बाइट रीसेट पिन चालू करतो. तो मात्र एकदाच लिहिता येतो. बोर्डवर ती पिन नुसती लोंबकळत असेल तर आधी पुल-अप (पिनला वरच्या व्होल्टेजकडे ओढून धरणारा रेझिस्टर) द्या, मग लिहा.