उंबरठ्याबाहेरचा पाहुणा

श्रोतेहो, सप्रेम नमस्कार.

गेल्या श्रावणात माझी पंधरा वर्षांची नात बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरला आमच्याकडे राहायला आली होती. खानापूरचा पाऊस आपल्याला ठाऊकच आहे. कौलांवर तो एकदा कोसळू लागला की शेजारच्या खोलीतला माणूस काय बोलतो तेही ऐकू येत नाही. त्या दिवशी वीज तर संध्याकाळीच गेली होती. रात्री अकराच्या सुमाराला पाहते तो पोरगी वाकळीत डोके खुपसून बसलेली, आणि मोबाइलच्या बॅटरीचा उजेड वाकळीच्या कडेने बाहेर झिरपतो आहे. ‘झोपायचं नाही का गं?’ असे मी विचारले, तेव्हा आतूनच उत्तर आले, ‘आज्जी, थांब की जरा. तो खिडकीपाशी आलाय, आणि हिनं अजून त्याला आत ये म्हटलेलं नाही.’

‘आत ये म्हटलेलं नाही’ या तिच्या शब्दांविषयी मला आज आपल्याशी बोलायचे आहे. त्या शब्दांपासून सुरुवात केली, तर आपली मुले व्हॅम्पायरच्या, म्हणजे रक्त पिणाऱ्या भुताच्या, आणि खुनाच्या या काळोख्या कादंबऱ्या इतक्या आवडीने का वाचतात, हे समजणे थोडे सोपे जाईल असे मला वाटते.

आधी माझा एक गुन्हा कबूल करते. मी तीस वर्षे हायस्कुलात मराठी शिकवले. त्या काळात मागच्या बाकावर, भूगोलाच्या पुस्तकाआड नारायण धारप वाचणाऱ्या एका मुलाकडून मी त्याची कादंबरी काढून घेतली होती. वर्गासमोर त्याला चार शब्द सुनावले, पुस्तक कपाटात ठेवले, आणि शाळा सुटल्यावर तेच पुस्तक पिशवीत घालून घरी आणले. रात्री दोनपर्यंत वाचले, आणि वाचून झाल्यावर परसात जायची माझी छाती झाली नाही. दुसऱ्या दिवशी पुस्तक परत देताना तो मुलगा माझ्या तोंडाकडे पाहून हसला. त्याला सगळे समजले होते. त्यामुळे नातीच्या दप्तरातले असेच एक पुस्तक तिच्या शाळेत जप्त झाल्याचे ऐकले, तेव्हा माझ्या सुनेच्या बाजूने बोलावे की नातीच्या, हे मला चटकन ठरवता येईना.

व्हॅम्पायर घरात शिरण्याआधी बोलावण्याची वाट पाहतो, हा या कथांमधला जुना नियम आहे. ब्रॅम स्टोकर या आयरिश लेखकाची ‘ड्रॅक्युला’ ही कादंबरी १८९७ साली प्रसिद्ध झाली, आणि तिच्यात हा नियम स्पष्ट शब्दांत सांगितलेला आहे: घरातल्या कुणीतरी एकदा या म्हटल्याशिवाय त्याला पहिल्यांदा आत पाऊल टाकता येत नाही. गंमत अशी, की स्वतःच्या गढीच्या दारात उभा राहून हा व्हॅम्पायर, ड्रॅक्युला, आलेल्या तरुण वकिलालाही आपखुशीने आत यायला सांगतो. तेथे जबरदस्ती नाही, आग्रह आहे. आणि फसवणाऱ्या माणसाचे पहिले वाक्य नेहमी आग्रहाचेच असते, हे आपण व्यवहारातही पाहतो.

हा नियम आपल्याला परका वाटण्याचे काही कारण नाही. १९९०च्या दशकात कर्नाटकात रात्री दार ठोठावणाऱ्या भुताची वदंता पसरली होती. ते ओळखीच्या माणसाच्या आवाजात हाक मारते, आणि दार उघडणाऱ्याचे काही खरे नसते, असे लोक सांगत. त्यावर उपाय म्हणून दारावर ‘नाळे बा’, म्हणजे ‘उद्या ये’, अशी कन्नड अक्षरे लिहिली जात. भूत ते वाचून परत जाई, दुसऱ्या रात्री पुन्हा येई, पुन्हा तेच वाची. त्या वेळी मी ज्या भाड्याच्या खोलीत राहत होते, तिच्या दारावर शेजारच्या कन्नड बाईंनी स्वतःच्या हाताने खडूने ती तीन अक्षरे काढून दिली होती. मला भुताखेतांवर विश्वास नाही, असे मी त्यांना सांगितले. ‘नसू दे की बाई, खडू माझाच आहे,’ असे म्हणून त्या निघून गेल्या. ती अक्षरे मी कित्येक दिवस पुसली नाहीत, हेही सांगून टाकते.

‘ड्रॅक्युला’कडे परत येते, कारण आईवडिलांनी लक्षात घ्यावे असे त्या पुस्तकात बरेच काही आहे. ती कादंबरी सरळ सांगितलेली गोष्ट नाही. रोजनिशा, पत्रे, तारा, वर्तमानपत्रांची कात्रणे आणि एका डॉक्टरने ध्वनिमुद्रण यंत्रावर बोलून ठेवलेल्या नोंदी, अशा कागदपत्रांचा तो गठ्ठा आहे. आजच्या किशोरांच्या रहस्यकादंबऱ्यांत मोबाइलवरचे निरोप, मुलाखती आणि नकाशे घातलेले असतात. ते पाहून ‘हे काय नवीनच’ असे म्हणणाऱ्यांना ही जुनी गोष्ट माहीत नसते. त्या गठ्ठ्याचा तारीखवार मेळ घालून, तो टंकलिखित करून, शत्रूचा माग काढण्यासारखा करते ती मीना नावाची तरुण स्त्री. आणि तिचे हे काम होताच बरोबरचे सभ्य, शूर पुरुष काय ठरवतात, तर हे सारे फार भयंकर आहे, तेव्हा यापुढे मीनाला काही सांगायचे नाही. ते रात्री बैठका घेतात, तिला झोपायला पाठवतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत ड्रॅक्युला तिच्यापर्यंत पोचतो. तिने त्याला बोलावलेले नसते. त्या इमारतीत राहणाऱ्या एका मनोरुग्णाने त्याला बोलावलेले असते. मीनाला आपल्या अशक्तपणाचे कारण समजत नाही, कारण ते समजण्यासाठी जे माहीत असायला हवे, ते तिच्यापासून तिच्या भल्यासाठी लपवलेले असते.

माझ्या सुनेला मी एवढाच प्रसंग सांगितला. ती काही बोलली नाही, पण पुस्तक पुन्हा जप्त करण्याचा विषयही तिने काढला नाही.

तथापि, या प्रकारच्या सगळ्याच पुस्तकांची मी वकिली करणार नाही. स्टेफनी मेयर यांची ‘ट्वायलाइट’ ही कादंबरी २००५ साली आली आणि जगभरातल्या किशोरवयीन मुलींनी ती डोक्यावर घेतली. तिच्यातला व्हॅम्पायर देखणा आहे, संयमी आहे, माणसांऐवजी जनावरांच्या रक्तावर राहतो, आणि सतरा वर्षांच्या नायिकेवर त्याचे मनापासून प्रेम आहे. मात्र तो रात्री तिच्या खोलीत शिरून, तिच्या नकळत, तिला झोपलेली पाहत बसतो. त्याला बोलावणे लागत नाही. तो जुना नियम तेथे गुपचूप वगळलेला आहे, आणि हे कळल्यावर नायिकेला भीती वाटण्याऐवजी आपण कुणाला तरी इतक्या हव्याशा वाटतो याचे अप्रूपच वाटते. दात, रक्त, थडगी यांची मला चिंता वाटत नाही, या प्रसंगाची वाटते. भुताला दारात थांबवणारी जुनी कथा मुलीच्या हातात एक अधिकार देत होती, आणि ही नवी कथा तो अधिकार तिच्याकडून प्रेमाच्या नावाखाली काढून घेते. नातीशी मी यावर वाद घातला. तिचे म्हणणे असे, की पुस्तकात आवडले म्हणजे वर्गातल्या मुलाने तसे केलेले चालेल असे होत नाही, एवढी अक्कल आपल्याला आहे. असेलही. पण तो वाद झाला याचे मला समाधान आहे. पुस्तक कपाटात कुलूपबंद असते तर तो झालाच नसता.

उलट टोकाचे उदाहरण स्वीडनचे आहे. योन आयविदे लिंदक्विस्त यांच्या २००४ सालच्या एका कादंबरीचे नावच ‘योग्य त्याला आत येऊ द्या’ अशा अर्थाचे आहे. तिच्यातले व्हॅम्पायर मूल बोलावण्याशिवाय घरात पाऊल टाकते, तेव्हा त्याच्याच अंगातून रक्त वाहू लागते, आणि समोरचा बारा वर्षांचा मुलगा घाबरून ‘ये, ये’ म्हणतो, तेव्हा कुठे ते थांबते. परवानगी मोडण्याची किंमत मोडणाराच भोगतो. मात्र ही कादंबरी मुलांविषयी असली तरी मुलांसाठी नाही; तिच्यातले काही प्रसंग मी स्वतः पाने उलटून पुढे गेले आहे. चित्रपटांना आपल्याकडे २०२४पासून सात, तेरा आणि सोळा वर्षांच्या पायऱ्यांची प्रमाणपत्रे मिळतात. पुस्तकांवर तसा शिक्का नसतो, आणि नसावाच, पण मग आधी वाचून पाहण्याचे कष्ट घरातल्या मोठ्यांनीच घ्यायला हवेत. मी पाहते ते एवढेच, की ज्याच्यावर अत्याचार होतो त्याचे दुःख लेखकाला दिसते आहे, की ते केवळ पान उलटवण्यासाठी वापरले आहे. खुनाच्या कादंबऱ्यांत तर हा फरक फार लवकर कळतो. मेलेल्या मुलीला काय आवडत होते, तिची कुणाशी मैत्री होती, हे शेवटपर्यंत कळलेच नाही, तर ते पुस्तक मी बाजूला ठेवते.

मुलांना या गोष्टींच्या मागची खरी हकिकत सांगितली की ती बिचकत नाहीत, उलट जवळ सरकून बसतात. अठराव्या शतकात सर्बियाच्या बाजूच्या खेड्यांत गावकऱ्यांनी प्रेते उकरून काढली, तेव्हा काही प्रेते फुगलेली होती आणि त्यांच्या तोंडाशी रक्तासारखा द्रव होता. १७३२ साली ऑस्ट्रियाच्या लष्करी वैद्यांचा त्यावरचा अहवाल युरोपभर वाचला गेला, आणि व्हॅम्पायर हा शब्द सगळीकडे पोचला. प्रेत कुजताना पोटात वायू साठतो आणि तो आतला द्रव वर ढकलतो, हे त्या गावकऱ्यांना माहीत नव्हते. पुढे १७५५ साली सम्राज्ञी मारिया तेरेसाने आपल्या वैद्याकडून चौकशी करवून प्रेते उकरण्यावर बंदी घातली. वटवाघळाचेही तसेच. रक्त पिणाऱ्या वटवाघळांच्या तीनच जाती आहेत आणि त्या मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेपर्यंतच आढळतात. कथेतल्या व्हॅम्पायरचे नाव त्यांना नंतर मिळाले. आमच्या खानापूर तालुक्यात, भीमगडच्या जंगलातल्या बारापेडे गुहांमध्ये रॉटन यांच्या नावाने ओळखले जाणारे एक दुर्मीळ वटवाघूळ राहते. ते किडे खाते. नातीने ही माहिती शाळेत सांगितली, तर कुणाला खरी वाटेना.

आता थोडे आपल्या मराठीविषयी. सोमदेवाने अकराव्या शतकात कथासरित्सागरात वेताळाच्या पंचवीस गोष्टी लिहिल्या. रिचर्ड बर्टन यांनी १८७०मध्ये त्यांतल्या काही इंग्रजीत आणताना वेताळाला सरळ व्हॅम्पायर करून टाकले. पण हा वेताळ राजाचे रक्त पीत नाही, तो त्याला प्रश्न विचारतो. उत्तर माहीत असून गप्प राहिलास तर डोक्याची शकले होतील, आणि बोललास तर मी पुन्हा झाडावर जाईन, असा त्याचा नियम. शेवटी तर राजाचा खरा घात करायला बसलेल्या ढोंगी साधूपासून तोच राजाला सावध करतो. शिवाय कोकणात आरवलीला याच वेताळाला देव मानून भाविक मोठाल्या चपला वाहतात, कारण तो रात्री गावाच्या राखणीला हिंडतो, अशी श्रद्धा आहे. भयाची इतकी गुंतागुंतीची आणि विचारी आकृती घरात असताना आपण किशोरांसाठी काय लिहिले? लहान मुलांसाठी आपण भुताला विनोदी केले, मोठ्यांसाठी धारपांनी आणि रत्नाकर मतकरींनी उत्तम भयकथा आणि गूढकथा लिहिल्या, आणि ज्यांचे बालपण बेळगावात गेले त्या जी. एं.नी तर माणसाच्या मनातला काळोख असा उभा केला, की त्यापुढे दातवाले भूत सोसवेल. पण चौदा ते अठरा या वयाचा वाचक मधल्या मध्ये राहून गेला. कडोली, येळ्ळूर, उचगाव, कुद्रेमनी येथे आपली साहित्य संमेलने निष्ठेने भरतात. तेथे मांडवात मागे उभ्या असलेल्या मुलांना कोणती गोष्ट ऐकायची आहे, असे एकदा तरी विचारायला हवे, असे मला वाटते. तोवर सीमाभागातले मूल घरात मराठी, रस्त्यावर कन्नड आणि वाकळीत इंग्रजी, अशा तीन भाषांत जगते, आणि घाबरते फक्त तिसरीत.

माझ्या नातीने दिवाळीच्या सुटीत स्वतःच एक गोष्ट लिहायला घेतली आहे, मराठीत. एक व्हॅम्पायर रात्रीच्या शेवटच्या एसटीने खानापूरच्या स्टँडवर उतरतो, आणि पावसात चालत एका कौलारू घराच्या दाराशी येतो. तेथेच तिचे घोडे अडले. ‘आज्जी, तो आत येऊ का म्हणून विचारणार, पण कुठल्या भाषेत विचारेल?’ मी म्हटले, ‘तीनशे वर्षं या भागात राहिलाय म्हणतेस, तर मराठी, कन्नड दोन्ही येत असणार त्याला, कोकणीसुद्धा.’ तिने बराच वेळ पेन चावले. मग म्हणाली, ‘म्हणजे आतल्या म्हातारीला तीनही भाषांत नाही म्हणता आलं पाहिजे.’ आणि वहीत खाली वाकून तिने शेजारणीची ती तीन अक्षरे मला एकदा काढून दाखवायला सांगितले.