फाशाला ऐकू येतं का?

श्रोतेहो, नमस्कार.

म्हाडाची सोडत जाहीर झाली की मुंबईत दोन ठिकाणी गर्दी होते. एक गर्दी मोबाइलवर, अर्ज भरणाऱ्यांची. दुसरी प्रभादेवीला. सिद्धिविनायकाच्या देवळात चांदीचे मूषक आहेत. त्यांच्या कानात आपलं मागणं सांगायचं, आणि सांगताना दुसऱ्या कानावर हात ठेवायचा. एका कानानं ऐकलेलं दुसऱ्यानं निघून जाऊ नये म्हणून. सप्टेंबरात वांद्र्याला मोतमावलीच्या जत्रेत जा. तिथे मेणाची घरं विकायला असतात, तळहातावर मावतील एवढी. शेजारी मेणाची बाळं, मेणाचे पाय आणि परदेशी जायचं असेल तर मेणाचं विमान. घेणाऱ्यांचा धर्म कोणी विचारत नाही.

२०२४ साली म्हाडाच्या मुंबईतल्या सोडतीत २,०३० घरं होती आणि अर्ज लाखाच्या वर होते. गट, आरक्षण वगैरे सगळं बाजूला ठेवून ढोबळ हिशेब केला, तर पन्नास-साठ जणांत एकाला घर. आता समजा एखाद्यानं अगदी जीव तोडून इच्छा केली, डोळे मिटून त्या घराची किल्ली हातात आल्याचं रोज पाहिलं, तर त्याच्यापुरतं हे प्रमाण चाळिसात एक होईल का?

आमच्या शेजारच्या वहिनींनी अर्ज भरला तेव्हा मी त्यांना म्हटलं, "वहिनी, लाखभर लोकांनी गणपतीच्या कानावर हेच घातलं असेल. त्यानं कोणाचं ऐकायचं?" वहिनी म्हणाल्या, "मी कुठे म्हणते तो कॉम्प्युटरचं बटण दाबेल? मी आपलं सांगून ठेवलंय. पुढचं त्याचं तो बघेल." यावर संख्याशास्त्राला बोलायला जागाच नाही. वहिनी मागणं मागताहेत, दावा काही करत नाहीत.

दावा करणारे वेगळे. हॉटेलचा हॉल भाड्यानं घेऊन, भरपूर फी लावून ते सांगतात की मनाची ताकद पुरेशी लावली की घटना तुमच्या बाजूनं झुकतात, फासासुद्धा. आज मला बोलायचंय ते याबद्दल. कारण हे विधान तपासता येतं, आणि ते तपासून झालेलंही आहे.

अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात जोसेफ ऱ्हाइन नावाचे प्राध्यापक होते. मूळचे वनस्पतिशास्त्राचे. १९३४ साली त्यांच्याकडे एक जुगारी आला आणि म्हणाला, मी मनात आणलं की फासे मला हवे तसे पडतात. ऱ्हाइननी त्याला वाटेला लावलं नाही, फासे टाकायला लावले. तिथून पुढे कित्येक वर्षं फाशांचे प्रयोग चालले. (लालबागच्या राजाचं मंडळही १९३४ चंच, आणि तेही बाजारासाठी बोललेला नवस फळला म्हणून सुरू झालेलं. यात कसलाही संकेत शोधू नका. वर्षं मोजकी आणि घटना ढीगभर, कुठे ना कुठे जुळणारच.) १९४३ मध्ये ऱ्हाइननी निष्कर्ष छापायला सुरुवात केली: इच्छेचा फाशावर परिणाम होतो.

घरात लुडो असेल तर त्यातला फासा जरा हातात घ्या. ठिपक्यांवरून नख फिरवा. बहुतेक फाशांचे ठिपके नुसते रंगवलेले नसतात, खोदलेले असतात. सहाच्या बाजूला सहा खड्डे, तिच्या बरोबर पाठीला एकाच्या बाजूला एकच. म्हणजे सहाची बाजू केसभर हलकी, आणि हलकी बाजू वर राहायला बघते. सुरुवातीच्या प्रयोगांत लोकांना मोठे आकडे मागायला सांगितलं होतं! मोठे आकडे थोडे जास्त पडले. ते इच्छेमुळे पडले की खड्ड्यांमुळे, हे त्या प्रयोगातून कळायला मार्गच नव्हता. त्यावर उपाय साधा होता. सहाही आकडे सारख्याच वेळा मागायचे. तसं करायला लागल्यावर परिणाम बराच बारीक झाला. या विषयात हे पुन्हा पुन्हा दिसतं: मोजणी जितकी काटेकोर, तितका चमत्कार रोडावतो.

मग फासे गेले आणि यंत्रं आली. प्रिन्स्टन विद्यापीठात रॉबर्ट जान हे अभियांत्रिकी शाखेचे अधिष्ठाता. म्हणजे कोणी भोंदू नव्हे, रॉकेटच्या इंजिनांवर काम केलेला माणूस. त्यांनी १९७९ मध्ये एक प्रयोगशाळा उघडली आणि ती २००७ पर्यंत चालवली. तिथे एक यंत्र होतं, विजेच्या सूक्ष्म खळबळीवर चालणारं. ते दर फेरीत दोनशे वेळा जणू नाणं उडवायचं आणि छापे किती पडले ते सांगायचं. सरासरी शंभर यायला हवी. समोर बसलेल्या माणसानं एकदा इच्छा करायची की आकडा वर जावा, एकदा खाली जावा, आणि एकदा काहीच इच्छा करायची नाही. बारा वर्षं लाखो फेऱ्या झाल्या. निकाल? वर जावा म्हटलं तेव्हा सरासरी साधारण १००.०२६. खाली जावा म्हटलं तेव्हा ९९.९८४.

हा आकडा कानावरून जाऊ देऊ नका. एका फेरीत सात-आठ छाप्यांची वरखाली नुसत्या योगायोगानंच होत असते. तिथे ही मंडळी शंभरामागे दोन-तीन शतांशांबद्दल बोलत होती. एवढ्या बारीक फरकाला कारण काहीही असू शकतं. यंत्राचा किंचित कल असेल, नोंदीतली गफलत असेल, चांगला दिवस बघून थांबणं असेल. म्हणून जान यांच्याच प्रयोगशाळेनं जर्मनीतल्या दोन प्रयोगशाळांना बरोबर घेऊन सगळा प्रयोग नव्यानं केला, आधी सगळं ठरवून. २००० साली निकाल छापून आला: मूळ परिणाम पुन्हा मिळाला नाही. पुढे २००६ मध्ये अशा ३८० अभ्यासांचा एकत्र हिशेब झाला. त्यात दिसलं की अभ्यास जितका लहान, तितका त्यातला परिणाम मोठा. लहान अभ्यास फसला तर टेबलाच्या खणात जातो, जमला तर छापला जातो. हिशेब करणाऱ्यांनी तीच शंका मांडली. जान यांच्याबद्दल मला आदरच आहे. त्यांनी आकडे झाकले नाहीत, म्हणून तर आज आपण त्यांच्याबद्दल बोलू शकतो.

पण खरं सांगू, प्रिन्स्टनपर्यंत जायची गरजच काय? इच्छाशक्तीचा सगळ्यात मोठा प्रयोग आपल्या गिरणगावात होऊन गेला.

मटका. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडतानाचे आणि बंद होतानाचे भाव तारेनं मुंबईला यायचे, त्यांच्यावर हा धंदा सुरू झाला. एकोणीसशे साठच्या दशकाच्या सुरुवातीला ते भाव येणं थांबलं, तेव्हा पत्ते काढून आकडा लावायची पद्धत आली. तीन पत्ते काढायचे, बेरीज करायची, बेरजेचा शेवटचा अंक म्हणजे ओपन. रात्री पुन्हा तीन पत्ते, तो क्लोज. शून्य ते नऊ असे दहा अंक, आणि लागला तर रुपयाला नऊ रुपये. म्हणजे दहाही अंकांवर एकेक रुपया लावला तर हातात नऊच परत. उरलेला रुपया मटकेवाल्याचा.

आता बघा, कोण खेळत होतं? पाळी संपवून, कपड्यांवर कापसाची पिंज घेऊन बाहेर पडलेला कामगार. पगाराला आठवडा बाकी, गावी मनिऑर्डर पाठवायचीय, पोराची फी राहिलीय. प्रिन्स्टनच्या खुर्चीत बसलेल्या स्वयंसेवकाला आकडा वर गेला काय अन् खाली गेला काय, घरी जेवण मिळणारच होतं. गिरणगावातल्या माणसाइतकी कळकळ कुठल्या प्रयोगशाळेला भाड्यानं मिळाली असती? स्वप्नात साप दिसला, त्याचा आकडा. देवळाच्या पायरीवर कावळा बसला, त्याचा आकडा. चाळीचाळींतून इच्छा रोज रात्री त्या पत्त्यांवर एकवटत होती.

एक हरकत आधीच घेऊन टाकतो. कोणी म्हणेल, एकाची इच्छा पाचावर, दुसऱ्याची आठावर, म्हणून त्या एकमेकींना कापत असतील. असेल. पण मग ज्या अंकावर सगळ्यात जास्त लोकांचा जीव, तो तरी नेमापेक्षा जास्त वेळा लागायला हवा होता. तसं झालं असतं तर मटकेवाले चार महिन्यांत बुडाले असते. ते बुडाले नाहीत, गब्बर झाले. पत्ते काढण्यात हातचलाखी होते असे आरोप तेव्हाही होते, त्यामुळे हा प्रयोग निर्मळ होता असं मी म्हणणार नाही. पण हातचलाखी कशाला लागते? फार तर मूळचा नफा वाढवायला. प्रामाणिकपणे पत्ते काढले तरी दहातला रुपया त्यांचाच होता. आणि समजा, जान यांचा आकडा शंभर टक्के खरा धरला, तरी शंभरामागे दोन-तीन शतांशांच्या इच्छाशक्तीनं दहा टक्क्यांचा कट कसा भरून निघणार?

नवसाची गोष्ट याच हिशेबातली आहे. नवस हा व्यवहार मोठा हुशारीनं रचलेला आहे: काम झालं तरच फेडायचा. त्यामुळे देवळात पेढे, नारळ, चांदीचं छत्र घेऊन येतात ते ज्यांचं काम झालं ते. ज्यांचं झालं नाही ते घरीच असतात, त्यांची वेगळी रांग लागत नाही. रांगेत उभं राहून पुढे-मागे विचारलंत तर प्रत्येक जण सांगेल, मला पावला. खोटं कोणीच बोलत नाही. पण न पावलेले मोजायचे कुठे?

फासे आणि मोजणी यांची आपल्याकडची एक जुनी गोष्ट आहे, महाभारतातली. नळराजा द्यूतात सगळं हरला, दमयंतीपासून दुरावला, ऋतुपर्ण राजाचा सारथी होऊन राहिला. इथवर सगळ्यांना पाठ असतं. पुढचा भाग कमी सांगितला जातो. रथ चाललेला असताना ऋतुपर्णाला वाटेत बेहड्याचं झाड दिसतं. तो सांगतो की या दोन फांद्यांवर पानं पाच कोटी आणि फळं २,०९५. नळ काय करतो? नमस्कार करत नाही. रथ थांबवतो, म्हणतो, मी झाड तोडून मोजणार. राजा घाईत आहे, सांगतो, वेळ नाही. नळ ऐकत नाही. झाड पाडतो, मोजतो, आकडा तंतोतंत जुळतो. मग ऋतुपर्ण त्याला सांगतो की मी फाशांचं रहस्य जाणतो आणि गणनेत निपुण आहे, आणि ते अक्षहृदय त्याला देतो. ते मिळताच नळाच्या अंगातला कली बाहेर पडतो आणि त्याच बेहड्यात जाऊन बसतो. राज्य परत मिळवायला नळाला मंत्रसामर्थ्य वाढवावं लागलं नाही. रचणाऱ्यानं फासे आणि मोजणी एकाच माणसाच्या हातात का दिली असतील? मला तर हा आपल्या वाङ्मयातला सगळ्यात आवडता संख्याशास्त्रज्ञ वाटतो. आणि त्याहून आवडता तो सारथी, मालकाचा शब्द न मानता झाड पाडणारा.

असंच झाड आपल्या महाराष्ट्रात जयंत नारळीकरांनी पाडलं. पुण्यात, नरेंद्र दाभोलकर आणि इतर सहकाऱ्यांबरोबर. विषय फलज्योतिषाचा होता, पण पद्धत आपल्या कामाची आहे. २७ ज्योतिष्यांना प्रत्येकी ४० पत्रिका दिल्या आणि विचारलं, पत्रिका हुशार मुलाची की मतिमंद मुलाची, एवढंच सांगा. किती उत्तरं बरोबर आली तर मानायचं, हे आधी ठरलेलं. एकूण बरोबर उत्तरं ४६ टक्के निघाली. नाणं उडवून उत्तरं दिली असती तर पन्नासच्या आसपास आली असती.

मग इच्छेनं काहीच होत नाही का? आमच्या वहिनींकडेच बघा. त्या दर सोडतीला अर्ज भरतात. उत्पन्नाचा दाखला वेळेत काढतात, अनामत रकमेसाठी भिशी लावून ठेवतात. एका सोडतीत पंचावन्नात एक अशी शक्यता धरली, तर दहा सोडतींत निदान एकदा नाव लागण्याची शक्यता साधारण सतरा टक्के होते, म्हणजे सहा जणांत एक. पंचावन्नात एकवरून सहात एकवर. ही मजल त्यांच्या इच्छेनंच मारलीय. फक्त ती त्यांच्या पायांतून आणि कागदपत्रांच्या फाइलमधून गेली, सोडतीच्या कॉम्प्युटरला तिचा पत्ताही नाही.

ज्यांना अजून वाटतं की मनानं फासा वळतो, त्यांनी घरी करून बघावं. नुसत्या हातानं नको, फासा पेल्यात घालून टाका. टाकणारा एक, लिहिणारा दुसरा. साठ वेळा टाकायचा आणि प्रत्येक वेळी सहाच मागायचं. साठच, हे आधी कागदावर लिहून ठेवा, रंगात आला म्हणून एकसष्टावा नाही. सहा दहाच्या आसपास पडतील. पाच ते पंधरा आले तरी नवल काही नाही. जान यांनी सांगितला तेवढा सूक्ष्म परिणाम पकडायचा असेल तर मात्र नाणं साधारण सहा कोटी वेळा उडवावं लागेल. दिवसरात्र, दर पाच सेकंदांना एकदा, म्हणजे साधारण साडेनऊ वर्षं. तेवढी सवड नसेल तर साठवरच भागवा.

साठात वीसहून जास्त सहा पडले तर आधी फासा बदला आणि पुन्हा साठ टाका. नव्या फाशानंही वीस ओलांडले तर टाकणारा बदला. तरीही तेच आलं, तर आकाशवाणीच्या पत्त्यावर मला पत्र टाका. मी स्वतः येईन, येताना माझा फासा घेऊन.

नमस्कार.