टंचाई, चणचण आणि वानवा

नमस्कार श्रोतेहो! एप्रिल-मे आला की बातम्यांत एक शब्द हमखास कानावर पडतो, टंचाई. तर आज त्याच्याबद्दल आणि त्याच्या भाऊबंदांबद्दल जरा गप्पा मारू.

आता बघा, पाण्याची टंचाई असते, पण खिसा रिकामा असला की आपण म्हणतो पैशाची चणचण आहे. चणचण म्हटलं की महिनाअखेरच डोळ्यासमोर येते, पगार झाला की मिटली. खतं, औषधं, ब्लड बँकेतलं रक्त यांचा होतो तुटवडा, म्हणजे माल येतोय पण मागणीला पुरत नाहीये. आणि वानवा असते ती हव्याशा गोष्टींची, चांगल्या शिक्षकांची वानवा, चांगल्या नाटकांची वानवा. कुणी ‘आमच्याकडे डासांची वानवा नाही’ म्हणालं तर तो टोमणा समजायचा! ददात तर अजबच शब्द, तो येतो तोच नकार घेऊन. ‘त्यांना कशाची ददात नाही’ एवढंच ऐकलंय, ‘आम्हाला ददात आहे’ असं कुणी म्हणतं का हो?

पण टंचाई हा सरकारी ऑफिसचा फार लाडका शब्द. टंचाई आराखडा, टंचाईग्रस्त गाव, मग टँकर मंजूर. दुष्काळ म्हणायला मात्र जीभ जड होते, कारण तो एकदा जाहीर केला की जमीन महसुलात सूट, शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या वीजबिलात सवलत, पोरांची परीक्षा फी माफ, हे सगळं मागोमाग येतं. म्हणून मग मधला शब्द काढला, दुष्काळसदृश! 2018 च्या ऑक्टोबरात आधी 180 तालुके दुष्काळसदृश ठरले आणि महिना संपता संपता 151 तालुक्यांत खराखुरा दुष्काळ जाहीर झाला. विहिरींना यातलं काही कळलं नसणार. आणि 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला चक्क रेल्वेने पाणी न्यावं लागलं, आता त्याला नुसती टंचाई म्हणायची म्हणजे फारच झालं, असं माझं मत.

घरात मात्र उलटी तऱ्हा. डब्यातलं मीठ संपलं तरी आजी ‘संपलं’ म्हणत नाही, ‘वाढलं’ म्हणते. कुंकूही वाढतं, फुटलेली बांगडीसुद्धा वाढते. आणि नातवंडं विचारतात, अगं वाढलंय तर मग दुकानातून परत कशाला आणायचं?